चाकांची बादली

शौचकूपातले पाणी गुलाबी होते. मी झाकण उचलले आणि ते तसेच धरून उभी राहिले, कारण तो रंग मी त्याच दिवशी सकाळी पाहिला होता: माझ्याच शेगडीवर, माझ्याच पातेल्यात, बिटाच्या सारात आंबट साय ढवळली तेव्हा. अगदी तोच. आईने मला शिकवलेला, मी माझ्या सुनांना शिकवलेला आणि त्यांना कधीही न जमलेला तो गुलाबी रंग इथे, एका अनोळखी प्लॅस्टिकच्या भांड्याच्या तळाशी, कोणाच्या तरी बुडाची वाट पाहत पडला होता. घशाशी काहीतरी आले. ते मी गिळले; मी लोकांसमोर ओकत नाही.

"गोठू नये म्हणून ओततात, आजी," मागून तो ट्रेलरचा विक्रेता म्हणाला. "हिवाळ्यात नळ्यांत पाणी राहिलं तर सगळं फुटतं. हे विषारी नसतं बरं का. चुकून प्यायलात तरी काही होत नाही."

"मग पिऊन दाखव," मी म्हणाले.

वासिल, माझा नवरा, हसला. त्याचे हसणे आता पोटापर्यंत पोहोचत नाही. गळ्यातच थांबते, आणि हात मात्र कोटावरून डाव्या कुशीपाशी जातो, दाबतो, चाचपतो, परत येतो. ती हालचाल मी पाहिली नाही, असे मी ठरवले. गेली दोन वर्षे मी ते रोज ठरवीत आले आहे.

विक्रेत्याचे नाव डार्सी. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, टोपी उलटी घातलेला माणूस, आणि मला आजी म्हणत होता. कॅनडातले एडमंटन शहर जिथे संपते आणि तरीही संपत नाही, अशा त्या हमरस्त्यालगतच्या आवारात ट्रेलर रांगेने उभे होते, पाठीवर नोव्हेंबरचे बर्फ घेऊन, पांढरे, मुके, एकसारखे. गाडीच्या मागे जोडून घर ओढीत न्यायचे ही कल्पनाच मला मुळात हीन वाटते. घर माणसाची वाट पाहते, माणसामागून फरफटत येत नाही. आमच्या ओळखीचे लोक असली घरे ओढीत थंडीत दक्षिणेला, वाळवंटात, उन्हाला जातात आणि वसंतात भाजलेल्या कातडीने परत येतात. वासिलला ऊन नको होते. त्याला उत्तरेला जायचे होते, भर हिवाळ्यात, जिथे डोळ्यांतले पाणी पापणीवर गोठते.

त्याचे कारण बर्फ. वासिलने आयुष्यभर कर्लिंगचा बर्फ केला. जड गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा आणि दूरच्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळांच्या मध्यावर आणून थांबवायचा, असा आमचा तो खेळ. आणि त्या खेळाचा बर्फ आपोआप होत नाही, तो रात्रंदिवस करावा लागतो, सपाट करून त्यावर कोमट पाण्याचे थेंब शिंपडावे लागतात. मी त्याच बर्फावर स्किप होते, म्हणजे संघाची कप्तान. पलीकडच्या टोकाला वर्तुळांत उभे राहायचे, झाडू टेकवून नेम दाखवायचा, आणि दगड सुटला की घशाच्या शिरा ताणून ओरडायचे. माझा आवाज पार्किंगपर्यंत ऐकू जात असे. वासिल मला तिथेच भेटला, आणि लग्नानंतरही पारास्का या माझ्या नावाऐवजी स्किपच म्हणत राहिला. आता उत्तरेच्या गावांतून बर्फ करणारी जुनी माणसे संपत चालली आहेत, धर्मशाळेसारखी जी छोटी हॉटेले होती ती बंद पडली आहेत, आणि गावोगावचे क्लब याला फोन करतात. मागच्या हिवाळ्यात त्याने सगळ्यांना नाही म्हटले. या हिवाळ्यात, मागच्या रविवारी, ब्रेड चावता चावता, लोणी लावण्याची सुरी हातात असताना, तो म्हणाला, "ट्रेलर घ्यायचा म्हणतोय. बर्फाच्या मोसमात गावोगाव राहीन. तू आलीस तर दोघांचा पलंग बघू. नाही आलीस तर एकाचा."

नाही आलीस तर. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या मळलेल्या आणि भाजलेल्या ब्रेडचा घास तोंडात असताना. माझ्याशी या शब्दांत आजवर कोणी बोलले नव्हते, आणि मला राग आला तो त्या शब्दांचा नव्हे, तर ते म्हणताना तो शांत होता याचा. शहात्तर वर्षांचा माणूस, पोट फाडून शिवलेले, उणे तीस अंशांत एकटा, क्लबामागच्या अंधाऱ्या पटांगणात एका डब्यात झोपणार. दुसऱ्या कोणाला मी सरळ बजावले असते. पण तो शांत होता. तेव्हा मी म्हटले, ठीक, बघायला येते. प्रत्येक ट्रेलरमध्ये असा दोष काढायचा की त्याची जीभ पुन्हा त्या विषयाकडे वळू नये, असे मनाशी धरून मी माझा चांगला कोट चढवला. दोष काढण्यात माझा हात धरणारे कोणी नाही.

माझ्या घरात तीन न्हाणीघरे आहेत. ती मी मागून घेतली. वासिल म्हणाला होता, दोन पुष्कळ झाली, आणि मी म्हटले होते, तीन. जो माणूस एका खोलीच्या घरात वाढला त्यालाच तिसऱ्या न्हाणीघराचा अर्थ कळतो. ईशान्येकडे आमचे शेत होते, माझ्या आजोबांनी जंगल तोडून काढलेले, आणि घर म्हणजे चिखलाने लिंपलेल्या ओंडक्यांची एक खोली. तिच्यात आई, वडील, आत्या आणि आम्ही भावंडे. उन्हाळ्यात बाहेरचा संडास असे. हिवाळ्यात रात्री बाहेर गेलेले मूल परत येईलच असे नसे, म्हणून दारापाशी बादली. पडदा होता, पण तो नजरेला. कान आणि नाक यांना पडदा नसतो. कोणाचे पोट बिघडले आहे, आत्या किती वेळा उठली, वडील किती प्यायले, हे सगळे सगळ्यांना झोपेतही कळत असे, आणि सकाळी त्याच खोलीत, त्याच हवेत आम्ही लापशी खायला बसत असू. बादली चुलीजवळ ठेवायची नाही, हा आईचा कायदा. दाराच्या फटीपाशी, वारा झोंबेल अशा जागी ठेवायची, म्हणजे पहाटेपर्यंत गोठते. "गोठलेल्या घाणीला वास नसतो," आई म्हणे, आणि तिच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या धर्मवचनांपेक्षा मला तेच पटले. थोरली म्हणून बादली माझी. धाकटी नास्त्या मदतीला. कडी आखूड होती, बादली घागऱ्याला लागे, तेव्हा मी वडिलांकडून विलोची एक लांब काठी तासून घेतली. ती कडीतून ओवायची, एक टोक नास्त्याच्या हाती, एक माझ्या, आणि मधे ते हेलकावे खाणारे, आमच्या घराण्याचे सार. शेताच्या टोकाला बादली उपडी करून ठोकली की सबंध गोळा निघे, तिचा आकार घेऊन. सगळा हिवाळा ते गोळे तिथे रचत गेलो की एप्रिल येई. एप्रिलमध्ये लोक कविता करतात म्हणे. आमच्याकडे एप्रिलमध्ये तो ढीग विरघळे, आणि डिसेंबरातले, जानेवारीतले, ज्या रात्री आत्याला ताप होता त्या रात्रीचे, सगळे परत जिवंत होऊन घराकडे वास पाठवीत असे. मी तेव्हाच ठरवले होते की मोठी झाले की ज्या खोलीत माणूस झोपतो त्या खोलीत दुसरे काही होणार नाही.

डार्सीने आम्हांला आधी एक वापरलेला ट्रेलर दाखवला होता. गुलाबी पाणी त्याच्यातले. मी पलंगापाशी गेले आणि गादी उचलली. कोणाच्याही घरी गेल्यावर मी हे करते. सुनांना ते आवडत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या गाद्या स्वच्छ असतात. फळीवर बुरशी होती. नुसती पसरलेली नव्हे. तिला आकार होता. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक काळे माणूस, आणि त्याच्या शेजारी दुसरे, थोडे बुटके. कोणीतरी दोघे एका हिवाळ्यात इथे झोपले होते, आणि त्यांचा श्वास, घाम, अंगाची सगळी ओल गादीतून खाली झिरपून थंड फळीवर जमली होती आणि कुजली होती. त्यांची हाडे कुठे असतील कोण जाणे, पण इथे ते दोघे अजून शेजारी शेजारी पडून होते. मला वाटले, आता ते कूस बदलतील.

"हवा खेळती ठेवली नाही त्यांनी," डार्सी घाईने म्हणाला. "छतावरची झडप थोडी उघडी ठेवायची असते. लोक थंडीला घाबरून बंद करतात. पुसून देऊ आम्ही."

"हे पुसून जातं?" वासिलने विचारले.

"रंग मारू वरून."

"म्हणजे ते दोघं आत राहतील आणि आम्ही वर झोपायचं," मी म्हणाले. "पुढचा दाखव."

पुढचा नवा होता आणि डार्सीला त्याचा अभिमान होता. दुहेरी काचा, जाड भिंती, आणि त्याने जमिनीवर बुटाची टाच आपटून सांगितले, "खरी गंमत इथं खाली आहे, आजी. चारही मोसमांचा ट्रेलर म्हणून नुसतं नाव चिकटवतात पुष्कळ जण. ह्याचं पोट बंदिस्त आहे. मैल्याची टाकी पोटात, आणि भट्टीची गरम हवा तिच्याभोवती फिरवलीय. बाहेर उणे तीस असू दे. आतलं काही म्हणजे काही गोठत नाही."

मला क्षणभर वाटले, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"म्हणजे तुम्ही ते गरम ठेवता," मी म्हणाले.

"अगदी!"

"गॅस जाळून."

"फार लागत नाही."

"आणि ते रिकामं कुठं करायचं?"

इथे डार्सीने टोपी सरळ केली. "आता... हिवाळ्यात ती रिकामी करायची ठिकाणं बहुतेक बंद असतात. पण टाकी मोठी आहे. दोन माणसांना पुष्कळ दिवस..."

"वासिल," मी म्हणाले, "हा माणूस म्हणतोय की आपण आपली घाण पलंगाखाली साठवायची आणि ती थंडीनं कुडकुडू नये म्हणून तिला शेकायची. माझ्या आईला हे ऐकू गेलं तर ती थडग्यात उठून बसेल."

"तुझी आई उठून बसायला कारणच शोधत असे," वासिल म्हणाला, पण त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हते. तो शौचकूपाच्या खोलीत डोकावून पाहत होता. दार किती उघडते, आत आरसा कुठल्या उंचीवर आहे, उभे राहून कोपर टेकवायला फळी आहे का. माझ्या नवऱ्याला आरशाची उंची पाहताना मी जन्मात कधी पाहिले नव्हते. आणि मग मला ते कळले. खरे तर कळलेलेच होते, फक्त ते दाराच्या फटीपाशी ठेवलेले होते, वारा झोंबेल अशा जागी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आतड्याचा एक तुकडा काढला, आणि जे उरले त्याचे तोंड पोटावर डाव्या बाजूला आणून शिवले. तेव्हापासून तिथे एक पिशवी असते. हे मला शब्दांत माहीत आहे. इस्पितळातली परिचारिका म्हणाली होती, या, तुम्हीही बघून घ्या, घरी मदत करता येईल. आणि मी म्हणाले होते की गाडी चुकीच्या जागी लावली आहे, हलवायला हवी. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. एका घरात दोन माणसांनी आयुष्य काढायचे तर काही दारे बंदच असावी लागतात. तळघरातले न्हाणीघर त्याचे झाले. तो तिथे जातो, कडी लावतो, आणि नळ सोडतो. पाणी धो धो वाहत राहते, वर स्वयंपाकघरात मला त्या पाण्याशिवाय काही ऐकू येऊ नये म्हणून. मी वर रेडिओ लावते, मला काही ऐकू येत नाही हे त्याला कळावे म्हणून. तो तिथेच, तळघरातच झोपतो. मागच्या हिवाळ्यात त्याने सगळ्या गावांना नाही म्हटले ते थकव्यामुळे नव्हे. क्लबाच्या त्या सामाईक शौचालयांत, फळीच्या दाराखालून चार माणसांचे बूट दिसत असताना, त्याला ते करवले नसते म्हणून. त्याला घर नको होते, प्रवासही नको होता. त्याला एक दार हवे होते, जे बर्फापर्यंत नेता येईल. आणि त्या दारामागे, हातभर अंतरावर, हवे तर मी.

हातभर. मी मनात ते अंतर मोजले आणि माझ्या अंगावर शहारा आला. खरा, आतून आलेला, ज्याला वय झाले म्हणून शिष्टाचार शिकवता येत नाही.

तिसरा ट्रेलर सर्वांत लहान. डार्सीने त्याची भट्टी सकाळपासून चालू ठेवली होती, आत उन्हाळ्यासारखे उबदार होते, आणि बाहेरच्या बाजूला एक झडप उघडून त्याने एक पेटी सर्रकन ओढून काढली. करडी, सुबक, खाली दोन चाके, वर दांडा. "ह्याला मोठी टाकीच नाही. सगळं या पेटीत जमतं. रोज बाहेर काढायची, सूटकेससारखी ओढत क्लबात न्यायची, तिथल्या संडासात ओतायची, धुवायची, परत लावायची. हिवाळ्याला ह्याच्यासारखं काही नाही. झडपेतही गरम हवा येते."

तो दांडा मी पाहिला. चाके पाहिली. जग एवढे पुढे गेले, आणि त्याने काय केले तर बादलीला चाके लावली.

"आणि ही कोण ओढणार?" मी विचारले.

"मी," वासिल म्हणाला. "तू बर्फावरून नाक वर करून चालत राहा."

"डॉक्टरनं तुला ओझं उचलू नको म्हटलंय."

"चाकं आहेत की, स्किप."

डार्सीला कार्यालयातून हाक आली, तो गेला. आम्ही आत उभे होतो. उभेच, बसायला जी जागा होती तिथे तो बसला असता तर माझे गुडघे त्याला लागले असते. भट्टी घोंघावत होती. जाड कोटात वासिलच्या कपाळावर घाम आला होता. आणि मग तो वास आला. आधी मला वाटले, पेटीचा. पण पेटी नवी होती. मी वासिलकडे पाहिले. त्याचा हात कुशीवर होता आणि या वेळी परत येत नव्हता. तो त्या कपाटाएवढ्या खोलीत शिरला. दार त्याने ओढले, पण त्याची कडी अजून बसवलेली नव्हती. ते दोन बोटे उघडे राहिले. मग मी तोटी फिरवल्याचा आवाज ऐकला. एकदा. पुन्हा एकदा. नळ कोरडा होता. त्या आवारातल्या एकाही नळाला पाणी नव्हते.

तो थांबला. मीही थांबले. रेडिओ नव्हता. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि आम्ही दोघांनी, मला खात्री आहे, दोघांनीही तो लवकर संपू नये अशी इच्छा केली. मग सगळे ऐकू आले: चिकट काहीतरी सोलल्याचा आवाज, ओल्या कापडाचा, त्याच्या दातांतून निघालेल्या श्वासाचा. मी एका खोलीत होते, दारापाशी बादली होती, आणि पडदा फक्त नजरेला होता.

"पारास्का," तो आतून म्हणाला. स्किप नाही. "गाडीत सीटखाली काळी थैली आहे. देतेस?"

मी गेले. बर्फातून गाडीपर्यंत, थैली घेतली, परत. थंडीने नाक साफ झाले होते, म्हणून दार उघडताच तो वास नव्याने, दुप्पट लागला. मला वाटले, थैली पायरीवर ठेवावी आणि ओरडावे, गाडी चुकीच्या जागी आहे. दोन बोटांच्या फटीतून त्याचा हात बाहेर आला. तळवा वर, रिकामा. दान मागणाऱ्या माणसासारखा. ज्या बर्फावर मी जिंकले तो बर्फ माझ्या नवऱ्याचा हा हात करीत असे. हा हात मी कधी कोणापुढे पसरलेला पाहिला नव्हता, आणि मला त्या वासापेक्षा त्या हाताचाच संताप आला.

"मागे सरक," मी म्हणाले.

"नको. दे फक्त."

"सरक म्हणते ना. थंडी आत येतेय."

मी दार उघडले. त्याने शर्ट हनुवटीखाली दातांत धरला होता, लहान मुलासारखा. इथल्या भांड्यातही तेच गुलाबी पाणी होते आणि त्यात काही तरंगत होते, ते मी पाहिले. मग पोट पाहिले. दोन वर्षे मी तिथे एक काळे भोक कल्पिले होते. काळे नव्हते. लाल होते, ओले, चकाकणारे, एखाद्या बाळाच्या हिरड्यांसारखे, बिटाच्या कापलेल्या गाभ्यासारखे. आणि ते हलत होते. माझ्याकडे पाहून, मला न विचारता, आपले आपण आकसत होते आणि फुलत होते. किळसवाणे होते. ते सुंदर होते असे मला कोणी म्हणायला लावणार नाही. तोंडाला पाणी सुटले, ओकण्यापूर्वी सुटते तसे, आणि मी ते गिळले.

त्याने नवी पिशवी घेतली. तिला एक गोल चकती असते, मधे भोक. ते भोक त्या तोंडाभोवती बरोबर बसवायचे. आरसा खालच्या उंचीवर होता, त्याचे हात ओले होते, कातडीवर जिथे पूर्वी वाकडी चकती बसली होती तिथे कच्चे, लाल, सोललेले वळ होते. दोन वर्षे हा माणूस तळघरात, उलट्या प्रतिमेत, अंदाजाने नेम धरत होता.

"थांब," मी म्हणाले. "डावीकडे नेतोयस."

तो दातांतल्या शर्टातून काहीतरी पुटपुटला.

"आरशात बघू नको. माझ्याकडे बघ. उजवीकडे. तुझ्या उजवीकडे रे, वासिल! थोडं. अजून थोडं. पुष्कळ झालं, मागे घे. वर. हं. आता दाब. जोरात दाब, जोरात!"

माझा आवाज त्या पत्र्याच्या भिंतींना आपटून परत आला. तो पार्किंगपर्यंत गेला असणार. चकती मध्यावर बसली. चारही बाजूंना सारखी जागा राहिली, वर्तुळात वर्तुळ. वासिलने शर्ट सोडला. त्याने पोटाकडे पाहिले, आणि त्याच्या गळ्यात ते हसू आले, पण या वेळी ते खाली उतरले आणि त्या पिशवीलाही हलवून गेले.

"हसू नको," मी म्हणाले. "निसटेल."

"हो, स्किप."

दारावर टकटक झाली. "सगळं ठीक आहे ना?" डार्सी बाहेरून म्हणत होता. "ओरडण्याचा आवाज आला. आवडला का आजींना?"

मी बाहेर आले, पायरी उतरले, आणि हातमोजे काढून बर्फात हात धुतले, दोनदा. मग त्या उघड्या झडपेपाशी गेले. करडी पेटी तिथेच, चाकांवर उभी होती. मी दांडा धरला आणि ती चार पावले ओढून पाहिली, मान दुसरीकडे वळवून, हात अंगापासून लांब ताठ करून. हात ते विसरला नव्हता. पेटी घोट्याला लागली.

"अत्यंत गलिच्छ वस्तू आहे," मी डार्सीला म्हणाले. "आणि आत तुला भांडं रिकामं करण्याची, धुण्याची, ते गुलाबी पाणी नव्यानं ओतण्याची थोडी कामं आहेत, ती मुकाट्यानं कर. दाराला कडी बसवू नको, लागणार नाही. पण हा दांडा आखूड आहे, पेटी कोटाला लागते. हातभर लांब बसवून दे. जमत नसेल तर आत्ताच सांग, आम्ही दुसरीकडे बघतो."